पाच वॅटचे डॉल्बीकाका

इंदुरीत उतरून ‘डॉल्बीकाका कुठं राहतात?’ एवढं विचारलं की पुरे. टपरीवरचा माणूस बोटावरचा चुना न पुसता त्याच बोटानं घर दाखवतो. गावात एवढं नाव आहे, पण काकांच्या घरात डॉल्बी नाही, कधी नव्हती आणि त्यांच्या हयातीत येणारही नाही. ज्या माणसाचं गाणं स्वतःच्या उंबऱ्याबाहेर पडत नाही त्याला हे नाव मिळालं, यात मी गावाला दोष देणार नाही. तीस वर्षं एक माणूस लाकडी पेट्या, तारांची भेंडोळी आणि काळेकुट्ट गोल स्पीकर घरात नेताना दिसतोय. गावानं दुसरं समजायचं तरी काय?

नाव पक्कं झालं ते एका लग्नसराईत. मी काकांच्या ओट्यावर बसलो होतो, साक्षीदार आहे. मोटारसायकलवरून दोन पोरं आली.

“काका, वरातीला किती घेता?”

“कशाचे?”

“डॉल्बीचे. वडगावला वरात हाय. दहाच्या आत बंद करू, पोलिसांचं टेन्शन नाय.”

काकांनी त्यांना हाकललं नाही. ऐकणारा मिळाला की काका त्याची लायकी बघत नाहीत. दोघांना आत नेलं, चपला काढायला लावल्या. माजघरात दोन तिवयांवर दोन पेट्या होत्या, बुटाचं खोकं उभं करावं एवढ्या. मध्ये पत्र्याच्या चौकटीवर काचेचे व्हॉल्व्ह मंद नारंगी पेटलेले. कोपऱ्यात एक मोठं चौकोनी खोकं, त्यावर काकूंनी विणलेला रुमाल आणि रुमालावर पितळी तांब्या.

“ह्योच सेट?”

“हाच.”

“किती वॅटचा?”

“पाच.”

“पाच हजार?”

“पाच.”

“पाचशे?”

“अरे पाच! हाताला बोटं असतात तेवढे. डावीकडे पाच, उजवीकडे पाच.”

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. धाकटा जरा कनवाळू असावा. म्हणाला, “काका, आमच्या गाडीचा हॉर्न याच्यापरीस मोठा वाजंल.”

“वाजेल की,” काका म्हणाले, “पण त्यात तानपुऱ्याचा खर्ज ऐकू येईल का?”

पोरं वडगावला गेली आणि हा किस्सा त्यांच्या आधी तिथं पोहोचला.

काकांना नावाचं दुःख वेगळंच आहे. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपमधली खरखर घालवायला. गाण्यात नको असलेला आवाज कमी कसा करायचा, हेच त्याचं पहिलं काम. “आणि आपण काय केलं?” काका विचारतात, “त्याच्या नावानं खिडक्यांच्या काचा फोडल्या!” हे ते इतक्या कळवळून सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं डॉल्बीसाहेब काकांच्या मामाकडून लागतात.

इंदुरी तसं शांत गाव नव्हेच. एका अंगाला सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची गढी आहे, आत कडजाईचं देऊळ, पाठीशी इंद्रायणी. समोर भंडारा डोंगर. तिथं तुकोबा चिंतनाला जाऊन बसत. त्या काळी डोंगरावर पाखरं ऐकू येत असतील. आता खालच्या तळेगाव-चाकण रस्त्यावरचे कंटेनर ऐकू येतात, रात्री जरा जास्तच. त्यात लग्नं, जत्रा, वाढदिवस, आणि ज्यांचा वाढदिवस नाही त्यांच्या मित्रांचे वाढदिवस. अशा गावात काका हळू आवाजात गाणं ऐकायचा संसार मांडून बसलेत. एस. टी. स्टँडवर ध्यानाला बसलेल्या माणसाबद्दल जे वाटतं ते मला काकांबद्दल वाटतं. आदरही वाटतो आणि त्याच्या पिशवीकडे लक्ष ठेवावंसंही वाटतं.

याचं मूळ वडिलांच्या रेडिओत आहे. लाकडी कपाटासारखा व्हॉल्व्हचा रेडिओ. बटण फिरवल्यावर लगेच बोलायचा नाही, आधी तापायचा. पुणे केंद्रावरून १९५५ सालच्या एप्रिलपासून दर आठवड्याला गीतरामायण लागायचं, तेव्हा म्हणे अर्धी आळी ओट्यावर जमायची. काकांचा तेव्हा जन्मही नव्हता, पण सांगताना ते स्वतः पुढच्या रांगेत बसलेले असतात. वडील गेल्यावर भावांनी जमिनीचे वाटे केले. काका रेडिओ मागून मोकळे झाले. इंदुरीत आज गुंठ्याचा भाव ऐकला की काकू त्या रेडिओकडे ज्या नजरेनं बघतात, ती नजर सहन करायला काळीज लागतं.

त्या रेडिओच्या पोटात ईएल८४ नावाचा व्हॉल्व्ह निघाला. तो एकटा धड असला तर पाचेक वॅट देतो. स्टिरिओला दोन हवेत. दुसऱ्यासाठी काका पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार घिरट्या घालत राहिले. मिळाला तेव्हा तो दुकानदारानं गंजक्या स्पॅनरच्या ढिगात ठेवलेला होता. काकांनी तो रुमालात गुंडाळून, वरच्या खिशात, छातीशी धरून लोकलनं तळेगावपर्यंत आणला. धक्का लागू नये म्हणून शिवाजीनगरपासून उभ्यानं आले, कारण बसलं की शेजारचा खांदा घासतो.

त्याआधी काकाही वॅटच्या नादाला लागले होते, हे इथं नोंदवायला हवं. पिंपरीला एका कारखान्यात नोकरी लागली त्या दिवसांत तपकीर गल्लीतून ४४४० ची तयार पाटी आणायची, मोटारीची बॅटरी जोडायची आणि डब्यात बसवायची, हा त्यांचा उद्योग. एलए४४४० ही एवढीशी चिप. दोन बाजूंना सहा-सहा वॅट देणार, दोन्ही बाजू एकत्र जुंपल्या तर एकोणीस. दुकानात मात्र तीच चिप घातलेल्या डब्यावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं लिहिलेलं असे. “पीएमपीओ म्हणजे काय, माहीत आहे?” काका विचारतात. “पैलवान मरताना जो शेवटचा हिसका देतो ना, त्याचं वजन!”

तेव्हापासून वॅट या शब्दावरचा त्यांचा विश्वास उडाला. हिशेब ते बोटांवर करून दाखवतात. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. पाचाच्या दुप्पट आवाज हवा तर पन्नास वॅट आणा, त्याच्या दुप्पट हवा तर पाचशे. “लोक वॅट विकत घेतात रे. आवाज कोण घेतो?” हे सगळं खरं आहे. काकांची गोची अशी की त्यांचं बोलणं नेहमीच खरं असतं आणि तरी त्यांच्या घरात कधी गाणं वाजत नाही.

पेट्यांचीही कथा आहे. बीबीसीनं सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एक छोटा स्पीकर करून घेतला, एलएस३/५ए. गाडीत जागा नाही, तरी इंजिनिअरला माणसाचा आवाज माणसासारखा ऐकू यायला हवा, म्हणून फूटभर उंचीची बंद पेटी. काकांनी ती प्रत्यक्ष पाहिली आहे, एकदाच, फोटोत. त्यावरून त्यांनी आमच्याकडच्या देव्हारे करणाऱ्या सुताराला मापं दिली. सुतार भला माणूस. त्यानं कागद उलटसुलट करून विचारलं,

“दार कुठल्या बाजूला?”

“दार नाही. बंद पेटी.”

“आत काय ठेवायचं?”

“काही नाही. थोडा कापूस.”

“आन् उघडायची कशी?”

“उघडायचीच नाही.”

सुतारानं पेन्सिल कानावर ठेवली आणि बराच वेळ काकूंकडे बघितलं. पेट्या आल्या त्या सुबक होत्या, पण वरच्या कडेला महिरप होती आणि तीवर छोटीशी कमळं. हाताला सवय, तो तरी काय करणार. काकांनी एका पेटीची कमळं तासली. दुसरीची तासायला घेतली तेव्हा काकू म्हणाल्या, “राहू द्या, तेवढंच देवाचं.” म्हणून डावा स्पीकर निधर्मी आणि उजवा सश्रद्ध आहे. उजवीकडून आवाज जरा मऊ येतो, असं काका खालच्या आवाजात कबूल करतात. आतला कापूस काकूंच्या माहेरच्या गादीतला आहे. हे काकूंना गादीवर झोपल्यावर कळलं.

तर या चार इंची स्पीकरांना वरचं सगळं साधतं. गळा, सारंगी, बासरी, चाटीवरचं बोट. खालचं साधत नाही. हलवायला हवा लागते आणि चार इंचात ती किती मावणार? पुरुष गवयाचा षड्ज काळी एक धरला तर तो साधारण १३८ हर्ट्झ, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९. काकांच्या पेट्या ऐंशीच्या खाली उतरायला लागल्या की जिना संपतो. त्यात काका ऐकणार हळू. हळू आवाजात माणसाचा कान खालचे स्वर आधी सोडून देतो, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. काकांकडे तानपुरा वाजायचा, पण त्याचा भोपळा घरी विसरून आल्यासारखा.

इथं सबवूफर आला. तोच तो कोपऱ्यातला, तांब्याखालचा. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं त्यानं उचलायचं, वरचं छोट्या पेट्यांनी. म्हणजे पाच वॅटच्या ॲम्प्लिफायरच्या डोक्यावरचा हंडा उतरतो आणि तो बिचारा मोकळ्या मानेनं चालायला लागतो. सबवूफरच्या पोटात स्वतःचा शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर आहे. त्याचा उल्लेख काका करत नाहीत. घरजावयाच्या पगारासारखा तो विषय या घरात कुणी काढत नाही.

मी एकदा शहाणपणा केला. कुठंतरी वाचलं होतं, की वरचे सगळे अंश नीट ऐकू आले की मेंदू मूळचा खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणून तर एवढ्याशा ट्रान्झिस्टरवरही भीमसेन भीमसेनच वाटतात. काका गप्प झाले. मग म्हणाले, “माहीत आहे. पण ते उपासाला बटाट्याची भाजी डोळे मिटून मटण समजून खाण्यासारखं आहे. ज्याला जमतं त्यानं करावं.”

सबवूफर आणला म्हणून जुळत नाही. जुळवावा लागतो. काकांच्या थोरल्याचं लग्न याच दिवसांत बघत होते. त्याची पत्रिका ज्या पेटीत होती ती पेटी काकांनी मोकळी करून आवाजाच्या प्रयोगाला घेतली. काकूंचं म्हणणं, ‘पोराचे छत्तीस गुण कुणी बघायचे? ह्यांचं आधी खोक्याचं जमू दे.’ काका तीन-तीन आठवडे एकेक जोडी नांदवून बघायचे. कधी खोकं फार बोलकं, घरात आल्यापासून दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. कधी इतकं घुमं की आहे की नाही याचाच संशय. सगळ्यात वाईट म्हणजे फेज. पेट्यांचा पडदा बाहेर ढकलतोय आणि त्याच क्षणी सबवूफरचा आत ओढतोय, असं झालं की दोघं मिळून शून्य. काका सांगतात, “जात्यावर समोरासमोर दोघी बसल्या आणि एकीनं उलटं ओढलं, तर पीठ पडेल का? दोघी घामाघूम होतील, पीठ नाही.” सबवूफरच्या पाठीमागे यासाठी एक बारीक कळ असते, शून्य आणि एकशे ऐंशी. ती खाली-वर करताना काकांचा चेहरा जो होतो तो मी फक्त मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरांचा पाहिलाय.

पण खरं नाटक जागेचं. सबवूफर कुठं ठेवायचा? काकांचं माजघर बारा फूट रुंद. बारा फुटांत ४७ हर्ट्झचा स्वर दोन भिंतींमध्ये बरोब्बर अडकतो आणि फुगतो. एका जागी छाती दणाणते, सहा फूट पलीकडे शुकशुकाट. मग जगभर जो इलाज करतात तो काकांनी केला. सबवूफर आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवायचा, एकच खालचा स्वर लावायचा, आणि आपण जमिनीवर रांगत खोलीभर फिरायचं. जिथं आवाज सगळ्यात नितळ लागेल, ती सबवूफरची जागा.

हे शास्त्र आहे. अडचण एवढीच, की ते दुपारी चारला झालं आणि दार उघडं होतं.

शेजारची आजी कोथिंबीर मागायला आली. तिला दिसलं ते असं: खुर्चीवर खोकं विराजमान, त्याच्यावर तांब्या. खोकं ‘हूंऽऽ’ करतंय. आणि साठीचे काका, बनियन-लेंगा, दोन्ही हातांवर रांगत, एक कान जमिनीला लावून, डोळे मिटून, तोंडानं म्हणतायत, “इथं नाही... इथंही नाही... आहे! आहे! आलं!” आजीनं कोथिंबीर राहू दिली. ती हात जोडून दारातच बसली आणि खोक्याला विचारलं, “आई, कोण गं तू?” पाठोपाठ आळीतल्या चौघी आल्या. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तोवर खोक्यासमोर हळदीकुंकू पडलं होतं. काकांनी मान वर करून एवढंच विचारलं, “आजी, तुम्ही बसलात तिथं कसं ऐकू येतंय?”

आजी बसल्या होत्या ती जागा उत्तम निघाली. दाराच्या डाव्या हाताला. सबवूफर आज तिथंच आहे. आजी आल्या की अजून त्याला ओझरता नमस्कार करतात.

काकूंबद्दल वेगळं लिहायला हवं, पण त्या लिहू देणार नाहीत. या माणसाबरोबर त्यांनी काढलेली वर्षं मोजायला डेसिबलच लागतील, साधे आकडे पुरायचे नाहीत. त्यांनी काकांशी भांडण केलं नाही, उपयोग केला. मावळात पावसाळ्याचे चार महिने काही वाळत नाही. व्हॉल्व्ह तापतात, म्हणून ॲम्प्लिफायरशेजारी दोरी लावून पायमोजे वाळतात. थंडीत दही लागत नाही, ते व्हॉल्व्हच्या उबेला रात्रभर छान लागतं. काका रात्री उठून बंद करायला गेले की आतून आवाज येतो, “राहू द्या, अजून विरजण लागायचंय.” अख्ख्या तालुक्यात दह्यासाठी ईएल८४ वापरणारं हे एकच घर असावं.

कोपऱ्यात घुमणारा बेस शोषून घ्यायला मऊ, जड वस्तू लागतात, असं काकांनी वाचलं आणि इंद्रायणी तांदळाची चार पोती चार कोपऱ्यांत उभी केली. पोत्यांनी बेस गिळला की नाही हे शेवटपर्यंत ठरलं नाही, घुशींनी तांदूळ मात्र गिळला.

मांडणीवरची भांडी हा तर संशोधनाचा विषय. खालून वर एकेक स्वर सरकवत नेला की भांडी आपापल्या वेळेला बोलतात. काका ती आवाजानं ओळखतात. ५२ ला परात. ६१ ला चहाचं गाळणं. ३८ ला मोठं पातेलं, लग्नातलं, काकूंच्या आईचं नाव कोरलेलं. ते नुसतं थरथरत नाही, चालायला लागतं. एकदा मी चहा घेत असताना ते फळीच्या कडेपर्यंत आलं, थांबलं, आणि स्वर बदलला तसं परत वळलं. काकू वर न बघता म्हणाल्या, “रोजचंच आहे.”

एक रात्र मात्र मला विसरता येत नाही. साडेअकराला काकांचा फोन. “ये. असाच ये.” गेलो. माजघरात अंधार, काका खुर्चीत, डोळ्यांत पाणी. “हात लाव जमिनीला.” लावला. खरंच, फरशी अगदी हलकेच, खोल कुठूनतरी थरथरत होती. कानाला काही नाही, नुसतं तळव्याला. “वीस हर्ट्झ,” काका कुजबुजले. “माणसाच्या कानाचा तळ. तीस वर्षं याच्यासाठी...” आम्ही दोघं तसेच जमिनीला हात लावून बसलो. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. थरथर ओसरली, पुन्हा आली, पुन्हा ओसरली. काकूंनी दिवा लावला.

“आज कंटेनर जास्तच आहेत,” त्या म्हणाल्या. “आणि ह्याचं बटण तर मी मघाशीच बंद केलंय. दही लागलं.”

एवढं सगळं जमवून काका ऐकतात काय? तर तानपुरा. किशोरीताईंची, भीमसेनांची, कुमारांची, सगळी ध्वनिमुद्रणं त्यांच्याकडे आहेत आणि प्रत्येकाची पहिली चाळीस सेकंदं त्यांना तोंडपाठ आहेत. तानपुरा सुरू होतो, काका डोळे मिटतात, बोट वर करतात. ‘हां... खर्ज बघ... जवारी बघ...’ गवई पहिला षड्ज लावायला श्वास घेतो. तो श्वाससुद्धा काकांकडे लख्ख ऐकू येतो. आणि काका बंद करतात. दुसरं लावतात. मी त्यांच्याकडे इतकी वर्षं जातोय, पण तिथं बंदिश म्हणून ऐकली नाही. नाटकाला जाऊन फक्त पडद्याचं कापड बघून यावं तसं.

पाहुण्यांचे हाल वेगळे. आवाज नीट लागतो असं घरात एकच ठिकाण आहे, दोन्ही पेट्यांपासून सारख्या अंतरावरची ती एक खुर्ची. त्यामुळे नवरा-बायको आली तर आळीपाळीनं ऐकतात. उंची कमी असलेल्याला खाली पाट मिळतो. उंच असलेल्याला ‘जरा घसरून बसा’ असं सांगतात. थोरल्याला मुलगी दाखवायला आलेल्या मंडळींतल्या वडिलांना काकांनी खुर्चीत बसवलं, पाट दिला, मान धरून दोन बोटं डावीकडे केली आणि तानपुरा लावला. चाळीस सेकंदांनी ते गृहस्थ म्हणाले, “छान आहे. गाणं कधी सुरू होतं?” स्थळ मोडलं. कुणी मोडलं याबद्दल दोन्ही घरांत मतभेद आहेत.

आता मिरवणुकीचं सांगतो.

परवाच्या विसर्जनाला संध्याकाळपासूनच काकूंनी तयारी ठेवली होती. भिंतीवरच्या तसबिरी उतरवून गादीवर निजवल्या, बरण्या जमिनीवर घेतल्या, मोठं पातेलं पालथं घातलं, कानांत कापूस (गादीतलाच). काका मोबाइलमध्ये डेसिबल मोजायचं ॲप उघडून ओट्यावर बसले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही कायद्याची मर्यादा, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. येणारे-जाणारे गुलालात होते.

मिरवणूक वळणावर आली. ट्रॅक्टरची ट्रॉली, दोन्ही अंगांना पेट्यांच्या भिंती, मागं जनरेटर. मला वाटलं काका आकडा वाचणार. पण त्यांनी मोबाइल खाली ठेवला. एस. टी.त पुढच्या सीटवर कुणी खोकलं की अनुभवी डॉक्टरचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला.

“बेस नाही,” ते म्हणाले.

“काका, माझी बरगडी हलतेय.”

“ते वरचं. खालचं गेलंय. रस्त्याच्या मध्ये उभा राहा. आता डावीकडे सरक.”

सरकलो. खरंच, मधोमध उभं राहिलं की सगळं पोकळ, डब्यात खडे खुळखुळावेत तसं. दोन पावलं बाजूला गेलं की दणका. मी मागं वळून काही म्हणेपर्यंत काका ओट्यावरून उतरले होते. बनियन-लेंग्यातच. नाचणाऱ्या पोरांतून वाट काढत ट्रॉलीला जाऊन भिडले. वर मिक्सरवर बसलेला पोरगा ओळखीचाच निघाला. वडगावच्या वरातीवाल्यांपैकी तो कनवाळू धाकटा.

“अरे, तुझं जातं उलटं ओढतंय!”

“आँ?”

“फेज! डाव्या भिंतीच्या तारा उलट्या लागल्यात. एक ढकलतंय, एक ओढतंय. मध्ये नाचणाऱ्यांना काही लागत नाही, म्हणून तू वाढवत बसलायस. सरळ कर. निम्म्या आवाजात काम भागेल.”

निम्म्या आवाजात. काका यासाठी गेले होते, हे मी त्यांच्या बाजूनं शपथेवर सांगायला तयार आहे. शास्त्रही त्यांच्याच बाजूला होतं.

पोरानं आवाज बंद केला. गावात एकदम एवढी शांतता पसरली, की आमच्या आजींनी खिडकीतून विचारलं, “दहा वाजले का गं?” टॉर्चच्या उजेडात काका ट्रॉलीवर चढले, पेट्यांच्या मागं गेले, एकेक जोड तपासला आणि दोन तारा काढून अदलून लावल्या. इतक्या हळुवार हातानं, की तो जुन्या बाजारातला व्हॉल्व्हच असावा. मग खाली उतरून म्हणाले, “आता लाव. निम्म्यावर.”

पोरानं लावलं. निम्म्यावर नव्हे.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. पडवीचा पत्रा मोठ्यानं काहीतरी बोलला. आढ्यातून वर्षानुवर्षांची धूळ सरळ रेषेत खाली आली. उभ्या केलेल्या चार मोटारींचे अलार्म एकदम सुरू झाले आणि ऐकू आले नाहीत, नुसते दिवे लुकलुकले. मधोमध नाचणाऱ्या पोरांना पहिल्यांदा काय मिळालं हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. एक क्षण ती थांबली, मग जी उसळली ती थेट काकांना खांद्यावर घेऊनच. गुलालात माखलेले काका वरून दोन्ही हात खाली-खाली करत ओरडत होते, “कमी करा! आता कमी करा!” पोरांना वाटलं काका नाचतायत. “डॉल्बीकाकांचा विजय असो,” असं सगळे म्हणत असावेत. ऐकू काहीच येत नव्हतं, ओठांवरून वाटलं.

घाटावरून ते रात्री उशिरा परतले. भुवयांत गुलाल, कानांत घंटा. माजघरात काकू केरसुणी घेऊन बसल्या होत्या. पितळी तांब्याला पोचा, दोन बरण्या फुटलेल्या, लोणच्याचा वास. पालथं घातलेलं पातेलं स्वयंपाकघरातून निघून, उंबरा ओलांडून, माजघराच्या मध्यापर्यंत आलं होतं.

काकू बरंच काही बोलल्या. काकांना त्यातलं काही पोहोचलं नाही. ते पातेल्याकडे बघत होते.

“अडतीस,” ते म्हणाले, कान बंद असल्यामुळे जरा मोठ्यानं. “अडतीसला खरा उतरत होता. त्या पेट्या अठरा इंची आहेत, बरं का. एवढीशी पोरं, पण बांधल्यात काय!”

सकाळी मी तांब्याला ठोका मारून आणायचा म्हणून गेलो, तर ओट्यावर देव्हारेवाला सुतार मोजमापाची टेप घेऊन उभा होता. काकांनी हात पसरून त्याला काहीतरी भलंमोठं दाखवलं होतं. सुतारानं पेन्सिल कानावर ठेवली.

“ह्या येळंला तरी दार हाय का?” तो विचारत होता.